परदेशात अडणारी कार्डाची दुसरी मर्यादा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीतल्या परदेश सहलींच्या जाहिराती सध्या आपल्या अंकात रोज दिसतात. जाणाऱ्यांच्या घरी सामानाच्या याद्याही सुरू झाल्या असतील. त्या यादीत क्रेडिट कार्डाच्या मर्यादेची एक ओळ असावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमची मुलगी म्युनिकला असते. सप्टेंबर २०२५ मध्ये आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो आणि मधले तीन दिवस आमचे आम्हीच व्हिएन्नाला गेलो. रात्री आठला हॉटेलात पोहोचलो. तीन रात्रींचं भाडं आणि अनामत मिळून ६३० युरो कार्डावर घ्यायचे होते. युरो तेव्हा शंभर रुपयांच्या पुढे गेला होता, म्हणजे साधारण पासष्ट हजार रुपये. माझ्या कार्डाची मंजूर मर्यादा तीन लाख, मागचं बिल पूर्ण भरलेलं. तरी मशीनने कार्ड दोनदा नाकारलं.

कारण मुलीने फोनवरून शोधून काढलं. निघण्यापूर्वी मी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर सुरू केला होता. पण त्याच पानावर खाली परदेशातल्या मशीनवरच्या खर्चाची वेगळी दैनंदिन मर्यादा होती, पन्नास हजारांची. ती बँकेनेच आधीपासून घातलेली होती. माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. ती वाढवायला ओटीपी हवा. ओटीपी येणार भारतातल्या नंबरावर, आणि ते सिम मी काढून पाकिटात ठेवलेलं, रोमिंग सुरू न करता. कार्डामागचा १८०० ने सुरू होणारा नंबर तिकडून लागेना. साधा नंबर लागला, पण पलीकडच्या व्यक्तीने ‘ॲपमध्येच करा’ एवढंच सांगितलं. यजमानांजवळच्या रोख युरोंनी ती रात्र निभावली. पैसे असून काउंटरसमोर ताटकळत उभं राहायची वेळ साठीच्या पुढच्या माणसांवर येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

मर्यादा नकोच, असं माझं म्हणणं नाही. उलट रिझर्व्ह बँकेने १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने ही सोय ग्राहकाच्या हाती दिली, हे फार चांगलं झालं. नवं कार्ड आता फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतंच सुरू होऊन येतं. परदेशातला वापर, ऑनलाइन खरेदी आणि मशीनला नुसतं टेकवून पैसे देणं हे आपण स्वतः सुरू करायचं. प्रत्येकाची मर्यादाही आपण ठरवायची, चोवीस तासांत केव्हाही बदलायची. परदेशी संकेतस्थळांवर बऱ्याचदा ओटीपी न मागताच पैसे कापले जातात. त्यामुळे कार्डाचा नंबर भलत्याच्या हाती पडला, तर ही मर्यादाच काय ती आड येते. मी आता परदेशी ऑनलाइन व्यवहार बंदच ठेवते आणि दुकानातल्या मशीनची मर्यादा प्रवासाच्या खर्चाचा हिशेब करून घालते.

हा हिशेब करताना अनामत विसरू नये. परतीच्या वाटेवर साल्झबुर्गच्या हॉटेलने ३०० युरो ‘होल्ड’ केले. हे पैसे कापले जात नाहीत, पण तेवढी मर्यादा अडकून राहते. आम्ही हॉटेल सोडल्यावरही ती बारा दिवस मोकळी झाली नव्हती. भाड्याची मोटार घेणाऱ्यांची तर यात याहून मोठी रक्कम अडकू शकते. म्हणून दोन-तीन हॉटेलं बदलायची असतील, तर प्रत्येकाची अनामत एकाच वेळी अडकलेली आहे असं धरून चालावं आणि दुसरं एक कार्ड वेगळ्या पिशवीत ठेवावं. मशीनने ‘रुपये की युरो’ असं विचारलं, तर युरोच निवडावेत. रुपयांचा दर दुकानदाराच्या बाजूने लावलेला असतो, आणि काही बँका त्यावरही शुल्क घेतात. युरोत दिले तरी परकीय चलनाचं शुल्क आहेच. माझ्या कार्डावर ते साडेतीन टक्के आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला, की लाखाच्या खर्चामागे ४,१३० रुपये होतात. कार्डावर रोख मात्र काढूच नये, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

हे सगळं मला परत आल्यावर, विचारत विचारत कळलं. शाखेत चौकशी केली, तर ‘ॲपमध्ये सगळं लिहिलेलं असतं’ असं उत्तर मिळालं. लिहिलेलं असतं, पण इंग्रजीत आणि चार पानं आत. मुलांकडे पहिल्यांदाच विमानाने निघालेले किती आईवडील तिथवर पोहोचतील?

बँकांकडे माझी मागणी साधी आहे. ग्राहकाने परदेशातला वापर सुरू केला, की त्याच क्षणी मराठीत संदेश यावा: तुमची परदेशातली दैनंदिन मर्यादा अमुक रुपये आहे, ती पुरेल का, आणि या नंबराचं रोमिंग सुरू केलंत का? मर्यादा बदलल्याचा संदेश बँका आजही पाठवतातच, त्यात आणखी दोन ओळी घालणं अवघड नाही. रिझर्व्ह बँकेने ही सोय ॲपखेरीज नेट बँकिंग, एटीएम आणि फोनवरूनही द्यायला सांगितलेली आहे. तेव्हा परदेशातून फोन करणाऱ्याला ओळख पटवून घेऊन मदत करावी, ‘ॲपमध्येच करा’ म्हणून फोन ठेवू नये. सहल कंपन्यांनीही निघण्यापूर्वीच्या बैठकीत स्वेटर आणि खाऊबरोबर पाच मिनिटं यासाठी काढावीत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली