‘पाणी सापडले’ म्हणजे नेमके काय सापडले?

संपादक महोदय,

गुरू आणि शनीच्या बर्फाळ चंद्रांवर ‘पाणी सापडले’ अशा बातम्या मराठी वर्तमानपत्रांत वरचेवर येतात. त्या मथळ्याखाली तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ होते: पृष्ठभागावरचा बर्फ, त्यावरची वाफ आणि बर्फाखालचा समुद्र. तिन्हींचे पुरावे वेगळे, उपकरणे वेगळी आणि खात्रीही कमीअधिक.

बर्फाबद्दल वाद नाही. गुरूच्या युरोपा या चंद्रावरचा बर्फ १९७०च्या दशकातच जमिनीवरच्या दुर्बिणींनी ओळखला. तेव्हा ‘बर्फ सापडला’ ही बातमी पन्नास वर्षे जुनी आहे.

खरी कसोटी वाफेची. पावसाळ्यात गोव्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, इतकी वाफ आपल्याच हवेत असते. डोक्यावरच्या हवेतली सगळी वाफ गोळा करून तिचे पाणी केले, तर जुलैत इथे पाचेक सेंटिमीटरचा थर भरेल. हवाईतल्या मौना केआ शिखरावर हाच थर कोरड्या रात्री एक-दोन मिलिमीटरचा असतो, पण तेवढी वाफही दूरच्या पाण्याची अवरक्त खूण बरीचशी गिळते. आखूड तरंगलांबीचे अतिनील किरण तर कुठल्याच शिखरापर्यंत पोचत नाहीत. म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागते.

तिथूनही पाणी ‘दिसत’ नाही. गुरूच्या चुंबकीय क्षेत्रातले वेगवान इलेक्ट्रॉन वाफेच्या रेणूंवर आदळतात, रेणू फुटतात आणि सुटे झालेले अणू चमकतात. हायड्रोजनची चमक १२१.६ नॅनोमीटरला, ऑक्सिजनची १३०.४ आणि १३५.६ला. युरोपाच्या विरळ वातावरणात मुळातच ऑक्सिजन आहे. तो एकटा असेल तर १३५.६ची रेषा ठळक असते. एखाद्या जागी १३०.४ आणि हायड्रोजन दोन्ही वाढले, तरच तिथे पाण्याचा संशय घ्यायचा. डिसेंबर २०१२मध्ये हबल या अवकाश दुर्बिणीला युरोपाच्या दक्षिण भागावर नेमके हेच दिसले आणि त्यावरून सुमारे २०० किलोमीटर उंच कारंज्याचा अंदाज बांधला गेला.

आता हे किती कडेचे मोजमाप आहे पाहा. गुरू जवळ असताना युरोपाचा व्यास जेमतेम एक विकला, म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग भरतो. हबलच्या अतिनील कॅमेऱ्यात तो सुमारे चाळीस पिक्सेल रुंद येतो. एक पिक्सेल म्हणजे साधारण ७५ किलोमीटर. म्हणजे ते २०० किलोमीटरचे कारंजे तीन पिक्सेलांत आटोपले! त्यात पृथ्वीभोवतीचा हायड्रोजनचा विरळ पदर हबलच्या कक्षेच्या कितीतरी बाहेरपर्यंत पसरलेला आहे आणि तोही याच १२१.६ला चमकतो. त्यामुळे हबल पृथ्वीच्या सावलीत असतानाची मिनिटे सर्वांत मोलाची.

दुसरी पद्धत छायेची. युरोपा गुरूसमोरून जाताना त्याच्या कडेबाहेर वाफ असेल, तर ती अतिनील प्रकाश अडवून काळसर दिसते. अशा दहा निरीक्षणांपैकी तिनात डाग दिसल्याचे २०१६मध्ये जाहीर झाले. पण चित्र जुळवताना चंद्राचे केंद्र पिक्सेलच्या अंशाने जरी सरकले, तरी कडेला खोटा डाग उमटू शकतो. नंतरच्या फेरतपासणीत हीच शंका पुढे आली. २०१२ची चमकही पुढच्या निरीक्षणांत तशी पुन्हा मिळाली नाही. तेव्हा युरोपाबाबत प्रामाणिक शब्द एकच: ‘संशय’.

शनीच्या एन्सेलाडस या चंद्राचे तसे नाही. तिथली कारंजी कॅसिनी यानाने २००५मध्ये जवळून पाहिली आणि पुढे त्यांच्यातून उडतही गेले. वेब या अवकाश दुर्बिणीला हा ५०४ किलोमीटरचा चंद्र एका पिक्सेलहूनही लहान दिसतो, पण नोव्हेंबर २०२२मध्ये तिने पाण्याच्या २.७ मायक्रॉनजवळच्या खुणेवरून ९,६०० किलोमीटरहून लांब पसरलेली वाफ मोजली. दर सेकंदाला सुमारे ३०० किलो पाणी! उन्हाळ्यात आपल्या वाड्यांवर येणारा दहा हजार लिटरचा टँकर अर्ध्या मिनिटात भरेल. तीच वेब युरोपाकडे वळली तेव्हा कारंजे मिळाले नाही. मिळाला तो ‘तारा रेजिओ’ या भागात कार्बन डायऑक्साइड. त्याच भागात हबलला २०१९मध्ये साध्या मिठाची खूण मिळाली होती: आगरवाड्याच्या मिठागरात पांढरे दिसणारे मीठ किरणोत्सर्गाच्या माऱ्याने पिवळे पडते आणि ४५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषते. खालचे खारे पाणी वर आले असावे असे सुचवणारा हा पुरावा कारंज्याच्या बातम्यांपेक्षा आम्हाला अधिक वजनदार वाटतो, आणि मराठीत त्याच्याबद्दल फारच थोडे छापून आले.

वाफ म्हणजे समुद्र नव्हे, हे गुरूच्या गॅनिमीड या चंद्रावरून कळते. तिथली वाफ भर दुपारी तापलेल्या पृष्ठभागाच्या बर्फातून थेट सुटते. खालच्या समुद्राशी तिचा संबंध नाही. त्याच्या समुद्राचा माग वेगळ्याच वाटेने लागला. गुरूचे कललेले चुंबकीय क्षेत्र सुमारे दहा तासांत एक फेरी घेते, त्यासरशी गॅनिमीडचे ध्रुवीय प्रकाशपट्टे डोलतात. समुद्र नसता तर ते ६ अंश डोलले असते. हबलने मोजले फक्त २ अंश, कारण खाली वीज वाहून नेणारे खारे पाणी त्या बदलाला विरोध करते. पाण्याचा थेंबही न दिसता समुद्र हाती लागला, तो असा.

‘युरोपा क्लिपर’ हे यान एप्रिल २०३०मध्ये गुरूपाशी पोचेल, तर ‘ज्यूस’ हे यान जुलै २०३१मध्ये. तेव्हा अशा बातम्यांचा पाऊस पडेल. आमची विनंती एवढीच की मथळ्यात ‘पाणी’ लिहिताना खाली बर्फ, वाफ की समुद्र ते स्पष्ट छापावे. कोणत्या उपकरणाने, कोणत्या तरंगलांबीला आणि किती निरीक्षणांपैकी कितींत दिसले, हेही द्यावे. शंका आली तर दोनापावलाला समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोच्या हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधन केंद्र आहे. खारे पाणी आणि बर्फ जन्मभर अभ्यासलेली माणसे तिथे बसतात. छापण्यापूर्वी त्यांना एक फोन करता येईल.

आपले,
खगोल अभ्यासक वाचक, फोंडा