फॉलिक ॲसिडची गोळी लग्ननोंदणीच्या खिडकीवर द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन जन्मलेल्या बाळाच्या शस्त्रक्रियेची सोय आपल्याकडे आहे. मुलांमधले जन्मजात दोष शोधून उपचार करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा दोष आहे आणि तो कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तोच पालघरमधून. आमचं म्हणणं जन्माआधीच्या नऊ महिन्यांबद्दल आहे, त्यातही पहिल्या दोनांबद्दल.

बाळाचा वरचा ओठ गर्भधारणेनंतर साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू त्यानंतर. मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून बनतात ती नळी तर २८व्या दिवसापर्यंत बंद झालेली असते. पाळी चुकते तेव्हाच गर्भ दोन आठवड्यांचा असतो. मग घरची चाचणी, सासूच्या कानावर घालणं, कामावरून सुट्टी, प्रसूतिगृहात नाव घालणं. तिसऱ्या महिन्यात नाव घातलेल्या बाईला मिळालेली फॉलिक ॲसिडची (एका ब जीवनसत्त्वाची) गोळी रक्तवाढीला उपयोगी पडते, मज्जारज्जूसाठी आणि ओठासाठी मात्र तिची वेळ टळलेली असते.

दिवस राहण्याआधीपासून पहिले तीन महिने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, हे सरकारच्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमाच्या सूचनांतही आहे. पण दिवस न राहिलेली बाई दवाखान्यात येईलच कशाला? ती वॉर्ड ऑफिसात येते, लग्नाची नोंद करायला. तिथेच प्रमाणपत्रासोबत ९० गोळ्या द्या. दुसऱ्या खेपेसाठी पहिल्या बाळाच्या नवव्या महिन्यातल्या गोवर-रुबेला लसीचा दिवस गाठा. गोळी ४०० मायक्रोग्रॅमचीच हवी. दुकानात सहज मिळणारी ५ मिलिग्रॅमची गोळी बारा पटीहून मोठी आहे. ती आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा दोष असलेल्या किंवा फिटची औषधं चालू असलेल्या बाईला, डॉक्टरच्या सल्ल्याने.

ओठ-टाळूचे दोष या गोळीने किती टळतात यावर अभ्यासांचं एकमत नाही, मज्जारज्जूबाबत मात्र शंका उरलेली नाही. एवढ्या स्वस्त गोळीसाठी तेवढं कारण पुरे.

आठवड्याला एक द्यायची लोह-फॉलिक ॲसिडची लाल गोळी आहेच की, असं उत्तर येईल. तिच्यात फॉलिक ॲसिड ५०० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याच्या गोळीत २,८०० सांगते. लोह-फॉलिक ॲसिड घातलेल्या पोषणयुक्त तांदळात किलोमागे ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम, म्हणजे रोज पावशेर तांदूळ शिजवून खाल्ला तरी जेमतेम २० ते ३०, आणि भात वेळून पेज फेकली तर त्यातलंही काही गेलं. चवळी, मूग, हरभरा, पालक, मेथी अवश्य खावी, भाजी आधी धुऊन मग चिरावी, शिजवल्याचं पाणी आमटीत घालावं. पण गोळीची जागा ताट घेऊ शकत नाही.

उलट एक गोष्ट ताटातून काढायची आहे. रक्त वाढावं म्हणून पहिल्या महिन्यांत कलेजी खाऊ घालतात. गरोदरपणी तयार अ जीवनसत्त्वाची मर्यादा दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅम, आणि १०० ग्रॅम कलेजी ती सहज ओलांडू शकते. गाजर-पपईतल्या पिवळ्या-केशरी रंगद्रव्याला ही भीती लागू नाही.

केसपेपरवर 'तंबाखू?' असा एकच रकाना असतो. मशेरी लावणारी बाई तिथे बेधडक 'नाही' म्हणते, कारण तिच्या लेखी ती दात घासते. मशेरीचा वेगळा प्रश्न छापा. घरात विडी-सिगारेट कोण ओढतं हेही विचारा. आईच्या धूम्रपानाचा फाटलेल्या ओठाशी संबंध चांगला सिद्ध आहे, आणि दहा बाय बाराच्या खोलीत नवऱ्याचा धूर तिच्याही छातीत जातो.

फिटच्या औषधांपैकी व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट यांचा पोटातल्या बाळाला असलेला धोका ठाऊक आहे. टोपिरामेट अर्धशिशीसाठीही देतात. ही औषधं लिहिताना तरुण बाईला 'मूल हवंय का?' असं विचारणं ओपीडीत सक्तीचं करा. औषध मनाने बंद करणं मात्र जिवावर बेतू शकतं. ते बदलायचं तर डॉक्टरनेच, आणि दिवस राहण्याआधी.

आणि हो, ग्रहण. ग्रहणात चिरलं-कापलं म्हणून ओठ फाटला, हे आजही सुनेला ऐकवलं जातं. पुढच्या ग्रहणाआधी आशांच्या बैठकीत 'ग्रहणाने ओठ फाटत नाही' हे एक वाक्य खात्याच्या सहीशिक्क्यानिशी जाऊ द्या.

बाल स्वास्थ्य पथकाच्या फॉर्मवर, दुभंगलेल्या ओठाच्या प्रत्येक नोंदीपुढे तीन रकाने वाढवा: फॉलिक ॲसिड कोणत्या आठवड्यात सुरू झालं, मशेरी किंवा धूर, चालू औषधं. हे रकाने पुढच्या छपाईतच यावेत.

आपले,
माता-बालपोषणाच्या क्षेत्रातील काही डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि परिचारिका, मुंबई