विषय: दोष तुमच्या शॉर्ट शिफ्टरच्या लिव्हरमध्ये आहे, माझ्या गाडीत नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज तुमच्याकडे चौथा फोन केला. त्यात जे ऐकून घ्यावं लागलं, त्यानंतर पाचवा करणार नाही. म्हणून हे लेखी.

गाडी 1991 ची माझदा एमएक्स-5, पहिल्या पिढीची, 1.6 लिटर, पाच गिअर. शॉर्ट शिफ्टरचं किट, म्हणजे हात कमी हलवून गिअर टाकता यावा म्हणून मूळ गिअर लिव्हरच्या जागी बसवायचा संच, याच गाडीचं म्हणून तुम्ही पाठवलंत. लिव्हरच्या खालच्या टोकाचा गोळा नायलॉनच्या बुशात, म्हणजे तो ज्या टोपणात घट्ट बसायला हवा त्यात, सैल बसतो. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन 3000 आरपीएमच्या वर गेलं की खडखड सुरू होते, आणि ॲक्सिलरेटर सोडला की ती थेट तळहातात जाणवते. मूळ लिव्हरचा गोळा आणि तुमचा, दोन्ही व्हर्नियरने मोजले. तुमचा 0.4 मिलिमीटरने बारीक निघाला. मग तुमचाच नवा बुश मूळ लिव्हरला चढवून गाडी चालवली. आवाज बंद! हे सगळं फोटोंसकट पहिल्याच ईमेलमध्ये कळवलं होतं.

आता आजचं संभाषण. तुमच्या प्रतिनिधीने आधी सांगितलं, "सर, गाडी जुनी आहे, आवाज येणारच." मी म्हटलं, जुन्या लिव्हरवर येत नाही. ते म्हणाले, "मग गिअरबॉक्स दाखवून घ्या." मी पुन्हा सांगितलं, जुन्या लिव्हरवर येत नाही. थोडा वेळ शांतता. मग विचारलं, "सर, गिअर टाकताना क्लच पूर्ण दाबता ना? बऱ्याच जणांना सवय नसते." खडखड तिसऱ्या गिअरमध्ये, गाडी धावत असताना, क्लचवर पाय नसताना होते, हे मी चौथ्यांदा सांगत होतो. ही गाडी मी अकरा वर्षं चालवतोय, हेही सांगितलं. त्यावर उत्तर आलं, "तरी एकदा कुणा जाणकाराला चालवायला देऊन बघा." आणि फोन ठेवला. माझं वाक्य अर्धवट असताना ठेवला.

मला याचा संताप आला आहे आणि तो लपवायचं कारण दिसत नाही. फोटो कुणी उघडले का? 0.4 मिलिमीटरबद्दल चार फोनमध्ये एकही शब्द का नाही?

आणखी एक. तुमच्या माहितीपत्रकात लिव्हर बसवण्याआधी टरेटमधलं, म्हणजे गिअरबॉक्सवर लिव्हर ज्या घरात बसतो त्यातलं, तेल बदलायचा उल्लेखच नाही. माझ्या टरेटमधलं तेल जवळजवळ संपलेलं होतं, लिव्हरभोवतीचा खालचा रबरी बूट (आवरण) फाटलेला होता. मला माहीत होतं म्हणून दोन्ही बदललं. पहिल्यांदाच हे काम करणारा माणूस कोरड्या टरेटमध्येच नवा लिव्हर बसवेल.

या गाडीत लिव्हर सरळ गिअरबॉक्समध्ये उतरतो, मध्ये ना केबल, ना लांब दांड्या. मनगट हललं की गिअर पडतो. त्यासाठीच ही गाडी ठेवली आहे आणि त्यासाठीच तुमचं किट घेतलं. तुमच्या मालावर माझा विश्वास होता, मित्रांनाही हेच किट घ्या म्हणून सांगत होतो. आता सांगत नाही.

पंधरा दिवसांत योग्य मापाचा लिव्हर पाठवा किंवा पूर्ण पैसे परत करा. नाहीतर मापांचे फोटो आणि आजच्या फोनचं रेकॉर्डिंग घेऊन ग्राहक न्यायालयात जाईन. आणि पुन्हा सांगतो, जुन्या लिव्हरवर आवाज येत नाही.

तुमचा लिव्हर काढून खोक्यात भरून ठेवला आहे. न्यायला माणूस पाठवा.