आई, हे वयामुळे नाही

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

रिपोर्टचे फोटो मिळाले. बाबा, सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेला पाहून तुम्ही रात्रभर मोबाइलवर नको नको ते वाचत बसलात, हे आईने सांगितलंच. आता तिचा टीएसएच बघा, थायरॉइड कमी पडला की हे हार्मोन वाढतं. थायरॉइड एवढा मंदावला की स्नायूही मंदावतात. मांड्या, कंबर, खांदे आधी थकतात. म्हणून तर पूजेच्या पाटावरून उठताना ती भिंत धरते आणि अंबाडा घालताना मध्येच हात खाली घेते. डॉक्टरांनी टाचेच्या वर हातोडी मारली तेव्हा पाऊल हललं, पण जागेवर यायला रेंगाळलं ना? तीही याचीच खूण. एसजीओटी, म्हणजे लिव्हरच्या तपासणीतलं एन्झाइम, थोडं जास्त आलंय, तेही स्नायूंमधून येऊ शकतं. लगेच लिव्हरवर जाऊ नका.

राग मला दुसऱ्याच गोष्टीचा आहे. थायरॉइड कमी असला की कोलेस्टेरॉल वाढतं आणि त्यावरच्या स्टॅटिन गोळीने अशा स्नायूंना आणखी त्रास होऊ शकतो. ती गोळी लिहून देताना टीएसएच बघायचं कुणाला सुचलं नाही! पण मनाने बंद करू नका, डॉक्टरांना या आठवड्यातच फोन करून विचारा.

आई, थायरॉइडची गोळी उठल्या उठल्या, नुसत्या पाण्याबरोबर. चहा पाऊण तासाने. चहाशिवाय तुझे डोळे उघडत नाहीत, माहीत आहे, तरीही. कॅल्शियम दुपारी जेवल्यावर. दोन्हींत चार तास हवेत. पंचवीस मायक्रोग्रॅमचीच गोळी दिली म्हणून बाबा कुरकुरताहेत, पण या वयात हृदयावर एकदम ताण नको म्हणून कमीपासूनच सुरू करतात. सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच बघून वाढवतील. छातीत धडधडलं किंवा लघवी गडद तपकिरी झाली तर मात्र थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

सीपीके आधी उतरेल, ताकद मागाहून येईल. त्याला काही महिने लागतात. तोवर बाबा, "चाललीस की मोकळी होशील" हे पालुपद बंद. टेकडी नको, अंगणातल्या दोन फेऱ्या पुरे. आणि रिपोर्ट नॉर्मल आला की "आता कशाला गोळी?" असंही म्हणायचं नाही. तो गोळीमुळेच नॉर्मल येणार आहे.

संडासात धरायला दांडा बसवायला शनिवारी माणूस येतोय. पैसे मी दिलेत. बाबा, त्याच्याशी घासाघीस करू नका.

तुमची,
माऊ