समजा

कोल्हापूर, रविवार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा फोन डोक्यातून जाईना. "आई, तो सिंह म्हणजे येशू आहे, आणि तू मला कधी बोलली नाहीस!" सी. एस. लुईसनं मुलांसाठी लिहिलेल्या त्या सिंहाच्या गोष्टी, नार्नियाची सातही पुस्तकं, रद्दीत घाल म्हणालास. फोनवर मला भांडता येत नाही, म्हणून हे पत्र.

बोलले नाही, खरं आहे. आजी 'विंचू चावला' म्हणायची तेव्हा तू सोप्यात पाय झाडत नाचायचास. काम, क्रोध हे शब्द त्या भारुडातच आहेत, तरी तुझ्या कानांवरून गेलेच ना? नाथांकडे आधी नाच, अर्थ मागनं, ज्याच्या त्याच्या वेळेला. तुझी वेळ परवा आली, एवढंच.

शिवाय लुईस स्वतः त्याला रूपक म्हणायला तयार नसे. त्याचं म्हणणं असं, की समजा, नार्नियासारखं जग खरंच असतं आणि देवाचा पुत्र तिथे सिंह होऊन आला असता, तर काय झालं असतं? सुरुवात तर त्याहून साधी. सोळाव्या वर्षापासून त्याच्या डोक्यात एक चित्र होतं: बर्फाळ रानातून छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला, अर्धा माणूस अर्धा बोकड. गोष्ट लिहायला घेतली तोवर चाळिशी आली. सिंह मागाहून उड्या मारत आत शिरला, असं त्यानंच लिहून ठेवलंय. प्रचाराला निघालेला माणूस छत्रीवाल्या बोकडापासून कशाला सुरुवात करेल?

१९५५ साली अमेरिकेतल्या एका आईनं त्याला कळवलं, माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला येशूपेक्षा तो सिंहच जास्त आवडतो आणि त्यामुळे तो घाबरलाय. लुईसनं त्या मुलाची भीती घालवली: सिंहाच्या ज्या करणीवर तो जीव टाकतो ती येशूचीच आहे. तुझी तक्रार नेमकी उलटी. तिथल्या आईला धाक, इथल्या आईला दम!

मला खुपतं ते वेगळंच. त्या गोष्टींत दक्षिणेकडचे क्रूर शत्रू आहेत. सावळे, पागोटी बांधलेले, वाकड्या तलवारींचे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. आपल्या गावात फेटा बांधला की माणूस चार बोटं उंच होतो, आणि इथे फेटा दिसला की समजायचं दुष्ट! आणि ती थोरली बहीण, लिपस्टिक लावायला लागली म्हणून शेवटी नार्नियाबाहेर राहते. तुला रागच काढायचा असेल तर यावर काढ, मी तुझ्या बाजूनं आहे.

त्याच्या अंतराळाच्या कादंबऱ्या तू उघडल्याच नाहीस. पहिली १९३८ ची. त्याच साली आपल्या कोल्हापुरात जयंत नारळीकर जन्मले, हा निव्वळ योगायोग, पण मला आवडतो. नारळीकरांसारखं विज्ञान मात्र लुईसकडे शोधू नकोस. त्याचा 'समजा' निराळा. एका भाषापंडिताला पळवून मंगळावर नेतात. तिथे तीन जातींचे शहाणे जीव राहतात आणि कुणालाच दुसऱ्यावर राज्य करावंसं वाटत नाही. ते आपल्या पृथ्वीला मुकी म्हणतात, कारण तिचा अधिपती बिघडला आणि बाकीच्या ग्रहांना तिचा आवाज ऐकू येईनासा झाला. दुसरी १९४३ ची, शुक्रावर. तिथे सगळा समुद्र, त्यावर तरंगती बेटं आणि अजून पाप न घडलेली पहिली बाई. २०१९ च्या पुरात व्हीनस कॉर्नरला पाणी भरलं तेव्हा आपली पुस्तकं खालच्या कपाटात होती. तेच पुस्तक सगळ्यात जास्त भिजलं. बाबा म्हणाले, शुक्रावरचंच पाणी आलंय. मग आम्ही दोघांनी गच्चीवर एकेक पान सुटं करून वाळवलं. अजून ते फुगलेलंच आहे, कपाटात सरळ उभं राहत नाही.

त्याची धर्मावरची पुस्तकं? युद्धकाळात त्यानं बीबीसीवरून भाषणं दिली, त्यांचं १९५२ मध्ये पुस्तक झालं. अर्ध्यात सोडलं मी. वकिलासारखा कोंडीत पकडतो, आणि मला काय ख्रिस्ती व्हायचं नव्हतं. म्हातारा सैतान पुतण्याला माणूस कसा नासवावा ते पत्रांतून शिकवतो, ते मात्र लई हसत वाचलं. तिथेही 'समजा'च.

एकाच पुस्तकात 'समजा' नाही. बायको १९६० मध्ये कॅन्सरनं गेली, त्यानंतरच्या वहीतलं ते लिखाण. १९६१ मध्ये दुसऱ्याच नावानं छापलं. इतकी वर्षं देवाची बाजू मांडणारा माणूस तिथे म्हणतो, दार ठोठावलं तर ते तोंडावर आपटलं आणि आतून कड्या लावल्याचा आवाज आला. दुःख भीतीसारखं लागतं, असंही म्हणतो. बाबा गेल्यावर महिनाभर माझ्या पोटात खड्डा पडायचा, परीक्षेच्या आधी पडतो तसा. ते कुणाला सांगितलं नव्हतं. तुलाही नाही.

शेजारचे काका शुक्रवारी पुण्याला येणार आहेत. त्यांच्याबरोबर सातही पुस्तकं, मंगळ आणि फुगलेला शुक्र पाठवते. रद्दीत घालायची तर तुझ्या हातानं घाल, किलोचा भाव तिकडे बरा असेल. पिशवीत वर चटणीचा डबा आहे, तो आडवा करू नकोस.

ते शेवटचं पातळ पुस्तक पाठवत नाही. माझं अजून वाचून व्हायचंय.

तुझी
आई