सातशेचा आकडा, चुकीचा नॉब

प्रिय मन्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना, "विमान पडलं की पायलटची चूक, विषय संपला, पायलटच काढून टाका", तेव्हा मी गप्प बसलो कारण शिफ्टची बस आली होती. पण ते डोक्यातून जाईना म्हणून हे लांबलचक टाइप करतोय, चहा घेऊन बस.

तुला ते बंगलोरचं विमान आठवतंय का? १४ फेब्रुवारी १९९०, इंडियन एअरलाइन्सची ६०५, मुंबईहून निघालेली. एअरबस ए-३२० तेव्हा आपल्याकडे नवी कोरी, येऊन काही महिनेच झालेले. दुपारची वेळ, हवा स्वच्छ, इंजिनं ठणठणीत, आणि विमान तिथल्या एचएएल विमानतळाच्या रनवेच्या अलीकडे गोल्फ कोर्सवर आपटलं. १४६ पैकी ९२ माणसं गेली.

आता झालं काय बघ. उतरताना ठरलं होतं की मिनिटाला सातशे फूट या दराने खाली जायचं. त्या पॅनेलवर उंचीचा नॉब आणि उतरण्याच्या दराचा नॉब शेजारी शेजारी. चौकशीत शक्यता अशी धरली की सातशेचा आकडा दराच्या ऐवजी उंचीच्या नॉबवर फिरवला गेला. कॉम्प्युटरने त्याचा अर्थ लावला, बरं, यांना सातशे फुटांवर जायचंय, आणि तो ज्या मोडमध्ये गेला त्यात इंजिनं आयडलवर, म्हणजे अगदी कमी जोरावर, जातात. म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रलला टाकल्यासारखं. वेग १३२ नॉट हवा होता, तो घसरत गेला. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) ए-३२० मध्ये ऑटोथ्रस्ट (इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) चालू असताना पॉवर कमी-जास्त झाली तरी थ्रॉटलचे दांडे जागचे हलत नाहीत, जुन्या विमानांत ते मागेपुढे सरकायचे, हाताला कळायचं.

बरं, त्यांना अजिबात कळलं नाही असंही नाही. आपण आयडलवर उतरतोय हे कॉकपिटमध्ये बोललं गेलं, दोन पायलटांचे दोन फ्लाइट डायरेक्टर (विमान कसं न्यायचं ते स्क्रीनवर दाखवणारे), त्यातला एक बंदही केला, पण दुसरा चालूच राहिला आणि एकच बंद करून तो मोड सुटत नाही! चारशे, तीनशे, दोनशे असं मशीन मोजत होतं तरी थ्रॉटल पुढे ढकलायला उशीर झाला, नि इंजिनाला जोर धरायला काही सेकंद लागतातच. निष्कर्षात दोष पायलटांवर आला. खोटा नाहीये तो.

पण मला आमची सीएनसी आठवली, आकडे टाकले की आपोआप धातू कापणारी कारखान्यातली मशीन. दोन वर्षांपूर्वी नाइटला मी ऑफसेट, म्हणजे टूल किती सरकवायचं तो आकडा, झेड दिशेच्या ऐवजी एक्स दिशेच्या रकान्यात टाकला, आकडा बरोबर, रकाना चुकीचा, सायकल स्टार्ट दाबलं आणि टूल सरळ चकवर, म्हणजे जॉब पकडणाऱ्या भागावर, आदळलं. रिपोर्टमध्ये 'ऑपरेटर मिस्टेक'. रकाने चिकटून का आहेत, असला आकडा मशीनने गपगुमान का घेतला, हे विचारायला कोणी आलं नाही.

एअर फ्रान्सची ४४७ तर मला झोप येऊ देत नाही. १ जून २००९, रिओहून पॅरिसला, अटलांटिकवर काळोख. ३५ हजार फुटांवर वेग मोजणाऱ्या पिटो ट्यूब बर्फाने चोंदल्या आणि ऑटोपायलटने हात वर केले, घ्या आता तुम्हीच. आकडे मिनिटाच्या आत परत आले होते रे! पण तोवर उजवीकडच्या को-पायलटने स्टिक (विमानाचं नाक वर-खाली करणारा दांडा) मागे ओढलेली, विमान वर चढून स्टॉल झालं. पंखाखालचा आधार सुटला की नाक खाली करायचं हा पहिल्या इयत्तेतला धडा, पण तो ओढतच राहिला. शेजारच्याला ते हाताला कळेना कारण या एअरबसमध्ये दोघांच्या स्टिक एकमेकींना जोडलेल्या नसतात. त्यात वेगाचा आकडा ६० नॉटच्या खाली गेला की कॉम्प्युटरला वाटतं माहितीच चुकीची आहे, म्हणून स्टॉलची वॉर्निंग बंद. नाक जरा खाली केलं की आकडा परत पटतो आणि वॉर्निंग पुन्हा सुरू. म्हणजे बरोबर केलं की ओरडा आणि चूक केली की शांतता. साडेचार मिनिटांच्या आत २२८ माणसं समुद्रात. ब्लॅक बॉक्स दोन वर्षांनी मिळाले.

मग बोइंगचं ७३७ मॅक्स. तिथे एमकॅस नावाचं सॉफ्टवेअर एकाच सेन्सरचं ऐकून नाक खाली दाबत होतं आणि इंडोनेशियातल्या लायन एअरच्या पडलेल्या विमानाच्या पायलटांना असलं काही सॉफ्टवेअर आहे हेच सांगितलेलं नव्हतं. त्यांना तू काय म्हणशील?

तू म्हणतोस पायलटच काढून टाका. ठीक आहे, पण पिटो चोंदली तेव्हा मशीनने कोणाकडे सोपवलं होतं ते बघ ना. तासन्‌तास नुसतं स्क्रीनकडे बघायला लावायचं आणि सगळ्यात वाईट क्षणी हातात स्टिक द्यायची.

मी हल्ली आकडा टाकला की बोट रकान्यावर ठेवून मोठ्याने वाचतो, "झेड, उणे शून्य पॉइंट दोन". नवीन पोरं हसतात, म्हणतात काका जप करतात काय. करू दे. वहिनींना नमस्कार सांग, गणपतीला येतोयस की नाही ते आधी कळव.

तुझा,
सत्या