लाइनमन काका, त्या दिवशी तुम्ही मला झाडावर चढू दिलं नाहीत

प्रिय काका,

तुमचं नाव लिहीत नाही. "पेपरात-बिपरात नाव टाकू नको बाप्पा," असं तुम्ही दम देऊन सांगितलेलं आहे. पण ४ मार्चला लाइनमन दिवस असतो हे यंदा कळलं, आणि तीन वर्षं मनात राहिलेलं पत्र लिहायला निमित्त मिळालं. नागपूरच्या महाल भागातले निम्मे लोक ओळखतीलच तुम्हाला. त्याला माझा इलाज नाही.

२०२३ ची संक्रांत. म्हणजे दुसरा दिवस, करीचा. आदल्या दिवशी गच्च्यागच्च्यांवरून 'ओ काट'चा गजर झालेला, आणि आता झाडांवर, तारांवर, केबलवर जिकडे तिकडे मांजा लोंबत होता. नायलॉनचा. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्येच देशभर बंदी घातलेला. हायकोर्टाच्या आपल्या नागपूर खंडपीठानंही त्याची स्वतःहून दखल घेतली, संक्रांतीला उड्डाणपूल बंद ठेवावे लागतात, दुचाकीवाले गळ्याला मफलर गुंडाळून फिरतात, आणि तरी चक्री विकली जातेच. असो. यावर मी बोलायला लागले की थांबत नाही.

तर वाड्यामागच्या पिंपळावर, अंदाजे चाळीस फुटांवर, एक घार एका पंखानं लटकली होती. मधूनच फडफडायची, मग पुन्हा निपचित. मी दोन नंबरांवर फोन लावले. एक उचलला गेला नाही, दुसरीकडून "उद्या बघू" आलं. उद्यापर्यंत ती राहणार नव्हती.

आणि खरं सांगते, मला चढायची खुमखुमीही होती. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून २८ दिवसांचा बेसिक कोर्स करून आले होते. टेखलाचे कातळ, डोकरियानी हिमनदी, पाठीवर सॅक, पहाटेची थंडी. बचेंद्री पाल जिथे शिकल्या तिथे शिकून आलेली मुलगी नागपुरात काय करणार? समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर उंचीचं आपलं गाव. वाळूची सॅक घेऊन सोसायटीचे जिने चढायचे आणि रविवारी सेमिनरी हिल्सवर जायचं, बस. त्यामुळे झाड दिसलं, घार दिसली, गल्लीतली पोरं बघत उभी होती, आणि मी कमरेला दोराचा पट्टा, म्हणजे हार्नेस, चढवला.

वाळूची पुरचुंडी बारीक दोरीला बांधून फांदीवर फेकली. पहिली फेक हुकली. दुसरी टाकणार तेवढ्यात मागून आवाज आला, "ए बाई! सोड ते दोरी. सोड म्हन्तो न!"

मला राग आला होता, काका. मी वळून म्हटलं, मी ट्रेनिंग घेतलेली आहे. तुम्ही मोटरसायकल स्टँडवर लावली, माझ्याजवळ आलात आणि फक्त बोट दाखवलंत. फांदीच्या पलीकडे, पानांत जवळजवळ लपलेल्या, ११ केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या, तीन तारा. आणि ज्या मांज्यात घार अडकली होती त्याचंच दुसरं टोक मधल्या तारेवर पडलेलं.

मी ते पाहिलंच नव्हतं. डोंगरात मी दरड बघते, बर्फ बघते, ढग बघते. तारा बघायला मला कुणी शिकवलंच नव्हतं. या मांज्यावर कधीकधी धातूची पूड लावलेली असते, त्यातून वीज वाहते, ओला झाला की आणखीच वाईट, आणि ११ केव्हीला हात लागायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी ती ओढते, हे तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत. मग सबस्टेशनला फोन. कोपऱ्यावरचा एबी स्विच, म्हणजे तारांची वीज तोडणारा खांबावरचा खटका, पाडला, त्याला कुलूप घातलंत आणि किल्ली खिशात टाकलीत. मला वाटलं झालं. तुम्ही म्हणालात, "बंद केली म्हंजे मेली असं नसते. कोनाचा जनरेटर, कोनाचा इन्व्हर्टर, उलटी येते लाइन." मग टेस्टर, मग तारेत उरलेली वीज जमिनीत उतरवणारा डिस्चार्ज रॉड, एकेक करून तिन्ही तारांवर.

पंचवीस मिनिटं गेली. आसपासच्या घरांतले लोक बाहेर येऊन विचारायला लागले, लाइट कधी येणार? तुम्ही वर न बघता म्हणालात, "पाखरू उतरलं का येते."

त्यानंतरची एक गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे. मी दोर हार्नेसला बांधला तर तुम्ही पुढे आलात आणि फिगर एटच्या गाठीवरून अंगठा फिरवलात, एकेक पदर दाबून, शिलाई तपासावी तसा. "हे आठाच्या आकड्यावानी हाय. सुटत नाही न?" डोंगरात जोडीदाराची गाठ तपासायची असते हा आमचा पहिला धडा, आणि त्या घाईत मीच तो विसरले होते. तुम्हाला तर कुणी सांगितलंही नव्हतं.

वरचं काम दहा मिनिटांचं. ओढणी तिच्या डोक्यावर टाकली, डोळे झाकले की पक्षी शांत होतो. मांजा ओढला नाही, दोन्हीकडून कापला, पंखात रुतलेला तुकडा तसाच ठेवला. तो डॉक्टरांनी काढायचा. तिनं मनगटावर नखं ओढली, तो ओरखडा अजून आहे. खोक्यात घालून सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, जखमी वन्यजीवांच्या दवाखान्यात, नेली. ती घार जगली. पुढच्या सगळ्याच जगल्या नाहीत.

आठवड्यानं तुम्ही मुलाच्या वहीचं एक पान फाडून आणून दिलंत. एका बाजूला सतराचा पाढा. दुसऱ्या बाजूला आपल्या भागातले फीडर, म्हणजे वीज आणणाऱ्या लाइनी, कुठल्या गल्लीला कुठला स्विच, ड्युटीवर कुणाला विचारायचं. खाली मोठ्या अक्षरात: "परमिट शिवाय चढने नाही." ते पान लॅमिनेट करून मी हेल्मेटच्या आत ठेवलं आहे. त्यावरूनच आता आम्ही बारा-पंधरा जण दर करीला सकाळी मांजा काढतो. तुम्ही वरिष्ठांशी बोलून ठरावीक वेळ शटडाउन, म्हणजे लाइन बंद, मिळवून देता, आणि स्वतःची सुट्टी असूनही रॉड घेऊन उभे राहता. मागच्या वर्षी कुणीतरी चहा विचारला तर म्हणालात, आधी पोरं खाली उतरू द्या.

एकदा मी तुमच्याशी वाद घातला होता. म्हटलं, काका, डोंगराला एबी स्विच नसतो. तुम्ही तंबाखू मळता मळता हसलात. "मंग थांबाचं. शटडाउन भेटला नाही तं आम्ही बी पोलाखाली बसूनच राह्यतो."

२०२४ च्या जूनमध्ये मी मनालीजवळच्या फ्रेंडशिप शिखरावर गेले होते, ५२८९ मीटर. रात्री ताजा बर्फ पडला, आणि सकाळी शेवटच्या उतारावर पाऊल टाकलं की खालचा थर 'धप्प' करून बसायचा, म्हणजे उतार कधीही कोसळू शकतो. ऊन चढत होतं. दोराच्या पुढच्या टोकाला मी होते. मी परत फिरले. मागच्या दोघांनी दोन दिवस माझ्याशी धड बोलणं केलं नाही, आणि घरी आल्यावर "शिखर झालं का?" विचारणाऱ्यांना उत्तर देताना मीही चाचरले. तुम्ही मात्र ऐकून एवढंच म्हणालात, "बरं केलं. जेवली का?"

आणि काका, एक माफीही मागायची आहे. हिमालयाचे फोटो दाखवत मी तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही कधी डोंगर चढलात का? तुम्ही "असंच, थोडंफार" म्हणालात. काकूंकडून नंतर कळलं, तुम्ही एकोणीस वेळा नागद्वारच्या यात्रेला गेला आहात. पचमढीच्या पावसात, चिखलात, सात पहाड, निम्म्या वेळा अनवाणी.

या नागपंचमीला मला घेऊन चला. एसटीच्या जादा गाडीचं तिकीट मी काढते, सॅकही मीच उचलते. काठी तेवढी तुमची आणा, दोन असतील तर दोन.

तुमची,
पिंपळावरची पोरगी